कुकडटोल्याची हरवलेली शीव

१

गुरुवारी सकाळी दिव्यानीने सर्व्हरवरचं कुकडटोल्याचं फोल्डर उघडलं आणि माउस हातात धरून ती तशीच बसून राहिली. मी पलीकडच्या टेबलावर चष्मा पुसत होतो.

"सर," ती म्हणाली, "इसरूबाबाचा व्हिडिओ नाई."

"नाही म्हणजे?"

"काल मीच टाकला होता. आज दिसून नाई राह्यला."

नागभीडला स्टेशनच्या रस्त्यावर आमचं वनहक्क मदत केंद्र आहे. गडचिरोलीकडच्या गावांचे जंगलावरच्या हक्काचे दावे आम्ही तयार करून देतो. मी वामनराव, शाळेत बत्तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालो आणि घरी बसवेना म्हणून हे केंद्र चालवायला घेतलं. हाताखाली दिव्यानी ऑपरेटर, जाहिद नकाशे काढायला आणि नथ्थूभाऊ बाकी सगळ्याला.

कुकडटोल्याच्या जंगलाची शीव कुठल्याही कागदावर धड नाही. ती इसरूबाबाच्या पायांना ठाऊक होती. ऐंशी ओलांडलेला हा म्हातारा दोन दिवस काठी टेकत पूर्ण शीव चालला. कुठला नाला, कुठलं मोहाचं झाड, कुठे पूर्वजांचे दगड हे सगळं तो गोंडीत सांगत गेला आणि दिव्यानी कॅमेरा घेऊन त्याच्या मागे चालली. पुढच्या बुधवारी उपविभागीय समितीपुढे दाव्याची सुनावणी होती. गावाकडे दाखवायला तो व्हिडिओ सोडून दुसरं काही नव्हतं.

"घाबरू नकोस," मी म्हटलं. "म्हाताऱ्याला पुन्हा विनंती करू. दोन दिवसांचं तर काम."

तेवढ्यात जाहिद फोन कानाला लावून आत आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"सर, कुकडटोल्याहून फोन हाय. पहाटे इसरूबाबाले लकवा मारला. जीव वाचला, पण वाचा गेली."

२

कॅमेऱ्याचं कार्ड शोधण्यात अर्थ नव्हता. आमच्याकडे कॅमेरा एकच. व्हिडिओ सर्व्हरवर चढला की कार्ड पुसायचं आणि कॅमेरा लगेच पुढच्या गावाला द्यायचा, हा नियम माझाच. दिव्यानीने बुधवारी दुपारी तो पाळला होता. संध्याकाळपर्यंत त्याच कार्डावर दुसऱ्या गावाची ग्रामसभा भरली होती.

बुधवारी दुपारी मी स्वतः ऑफिसात होतो. बाहेर अवकाळीचं आभाळ गडगडत होतं आणि मी आमच्या कार्यकारिणीला एक पत्र टाईप करत होतो. बाहेरचं कोणी आत आलं नाही, हे मी शपथेवर सांगू शकत होतो. मग राहिलो आम्ही चौघं.

आता माझ्या डोक्यात जे आलं ते सांगतो, लाज वाटली तरी. कुकडटोल्याच्या बांबूवर एका ठेकेदाराचा डोळा होता आणि दिव्यानीचा भाऊ त्याच ठेकेदाराचा ट्रक चालवायचा. व्हिडिओ गेला तर फायदा कोणाचा, याचं उत्तर काढायला मला फळा-खडूही लागला नाही.

मी तिला समोर बसवलं. "नेमकं कुठे टाकलास?"

"सर्व्हरवरच्या शेअर फोल्डरात गेली तं काहीच नव्हतं. मंग कुकडटोला नावाचं फोल्डर बनवलं अन् त्याच्यात टाकला."

"कुकडटोल्याचं फोल्डर दोन वर्षांपासून आहे. आत साठ कागद आहेत. नवं कशाला बनवलंस?"

"काल नव्हतं ना, सर. मले वाटलं, कॉम्प्युटरवाल्या पियुषनं रविवारी सर्व्हर अपग्रेड केला म्हून जुनं अजून आलं नसन."

"काल नव्हतं आणि आज आहे? दोन वर्षं जुनं फोल्डर एक दुपार गावाला जाऊन आलं?" माझा आवाज चढला. "खोटंच बोलायचं तर जरा जुळवून तरी बोल, पोरी."

ती उठली. ऑफिसची किल्ली पर्समधून काढून टेबलावर ठेवली, माझ्याकडे न बघता चपला घातल्या आणि निघून गेली. नथ्थूभाऊंनी तिच्यासाठी आणलेला चहा तसाच राहिला.

३

अंजुमबाईंना जाहिदने बोलावलं. चंद्रपुरात त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. वडील हाफिजभाई घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांचं डोळ्याला लावायचं भिंग अजून दुकानात खिळ्याला टांगलेलं आहे, असं जाहिद सांगायचा. घुग्घुसच्या कोळशाच्या वजनकाट्यापासून गडचांदूरच्या दवाखान्यांपर्यंत, कुठे काही अडलं की या बाई पिशवी घेऊन हजर. शुक्रवारी सकाळच्या गाडीने त्या आल्या. पन्नाशीच्या आत-बाहेर, चालणं सावकाश, नजर मात्र चौकस.

मी त्यांना थेट सर्व्हरपुढे नेलं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"मशीन कुठी पळून नाई जात, सर. माणसं विसरते. आधी माणसं."

पहिला पियुष. रविवारी अपग्रेड यानेच केलं होतं. पोरगा हुशार, पण एक पाय कायम मोटारसायकलच्या किकवर.

"जुनी सिस्टीम संपली होती, मॅडम. नवी टाकली. डेटा तं बाहेरच्या डिस्कवर हाय, त्याले मी हातच नाई लावला. सोमवारी सारे बोंबलत होते, परवानगी नाई म्हून. मंग सगळ्याईले सगळीकडे लिहाची मोकळीक देऊन टाकली."

"जुनी सिस्टीम डिस्क नसली तं काय करे?"

"चालूच नाई व्हायची. अडून बसे. वैताग होता नुसता. म्हून नव्या सिस्टीमले सांगून ठेवलं का डिस्क नसली तरी चालू हो. काऊन?"

"सहज," अंजुमबाई म्हणाल्या.

जाहिदवर त्यांनी दोन मिनिटंही घालवली नाहीत. त्याचा कॉम्प्युटर बारा वर्षांचा आणि नवी सिस्टीम त्याला ओळखच देईना. सोमवारपासून त्याला शेअर दिसतच नव्हतं, पेन ड्राइव्हवर काम चाललं होतं. "ज्याले दरवाजाच नाई दिसत तो आत जाऊन काय पुसन?" असं म्हणून त्यांनी त्याला मोकळं केलं.

नथ्थूभाऊ कान धरून उभे राहिले. "सर्व्हरले मी हात नाई लावला, बाई. माह्या नातवाची शपथ. तो टीं-टीं वाजते तं मले भेव लागते. मी त्याच्यावरची धूळ बी नाई पुसत."

ते खरं होतं. सर्व्हरवर बोटभर धूळ होती.

शेवटी मी. बाईंनी विचारलं, "बुधवारी तुमचं काई हरवलं, सर?"

"माझं? छे," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं, मग वहीत काहीतरी लिहिलं.

४

जेवणानंतर बाई सर्व्हरपुढे बसल्या. मी मागे उभा राहून दिव्यानीबद्दलचा माझा हिशेब त्यांना समजावून सांगू लागलो. भाऊ, ठेकेदार, नव्या फोल्डरची थाप, सगळं ओळीने मांडलं.

"सर, तुमी गणिताचे ना? मंग मले सांगा. तिले खोटं बोलाचं असतं तं सोपं खोटं कोणतं होतं?"

"जुन्या फोल्डरमध्ये टाकला, नंतर कोणीतरी पुसला."

"बराबर. ते कोणाले बी खरं वाटलं असतं. ते सोडून पोरगी सांगते का सगळं रिकामं होतं, म्हून नवं बनवलं. असं खोटं कोणी बनवून सांगत नाई. असं फक्त पाह्यलेलं सांगते माणूस."

मला ते पटलं. पण पटल्याचं दाखवायला अजून एक दिवस लागावा, असा माझा स्वभाव.

बाई पडद्याकडे वळल्या. "याच्यात दोन डिस्का हाय. एक सर्व्हरच्या पोटातली, छोटी, तिच्यावर नुसती सिस्टीम. दुसरी बाहेरची मोठी, तिच्यावर तुमचा सारा माल. आता पोटातलीवर किती माल पाह्यजे? दहा-बारा जीबी. अन् भरला किती हाय, वाचा."

मी चष्मा सारखा केला. आकडा पन्नास होता.

"फायली मोजल्या तं बारा. मशीन म्हणते पन्नास. मधातले अडतीस कोणाचे?"

जाहिदने दिव्यानीच्या टेबलावरची वही आणली. प्रत्येक व्हिडिओचं गाव, तारीख आणि वजन ती त्यात लिहून ठेवायची. बुधवारच्या ओळीत लिहिलं होतं, कुकडटोला, शीव, साडेसदतीस जीबी.

बाईंनी पेनाने तो आकडा हळूच ठोकला.

"व्हिडिओ कुठी गेलाच नाई, सर. या डब्यातच हाय. फक्त दिसत नाई."

"साडेसदतीस आणि अडतीस," माझ्यातला मास्तर बोलला. "वरचा अर्धा कशाचा?"

"काईक सिस्टीमचं असन. पण मले वाटते, त्या दुपारी अजून कोणीतरी काई ठेवलं असन अन् तेबी त्याले सापडलं नसन." त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. "सर, पुन्हा विचारून राह्यली. तुमचं काई हरवलं?"

५

मी जाहिदला चहा सांगायला बाहेर पाठवलं आणि मगच बोललो.

बुधवारी टाईप केलेलं पत्र गुरुवारी मला सापडलं नव्हतं. आपण सेव्ह करायलाच विसरलो, असं मी धरून चाललो. दोनच महिन्यांपूर्वी एका गावाची तारीख मी चुकवली होती आणि कार्यकारिणीतलं कोणीतरी हसत म्हणालं होतं की सरांना आता आराम द्यायला हवा. ते हसणं मला फार लागलं होतं. म्हणून पत्राबद्दल मी गप्प बसलो. माझं हरवलं तो माझ्या वयाचा दोष, पोरीचं हरवलं ती पोरीची लबाडी, असा न्याय मी केला होता.

हे सगळं मी बाईंना सांगितलं.

"हे गुरुवारीच बोलले असते तं बरं झालं असतं," एवढंच त्या म्हणाल्या. "दोघाईचं एकाच दुपारी गेलं म्हणजे माणसाची चूक नाई, जागेचीच काईतरी भानगड हाय. आता उद्या तिले घेऊन या. तुमी सोता जा."

शनिवारी सकाळी जाहिदच्या गाडीवर मागे बसून मी दिव्यानीच्या गावी गेलो. ती अंगणात वाळत घातलेली मोहाची फुलं हाताने परतत होती. मला पाहून उठली नाही.

"चोर म्हून येऊ का ऑपरेटर म्हून?"

"मी चुकलो, दिव्यानी," मी म्हणालो. आयुष्यात हे वाक्य मी किती कमी वेळा बोललो, ते तेव्हा कळलं. "व्हिडिओ सापडेल असं बाई म्हणतात. तू समोर असल्याशिवाय त्या पुढे काही करायला तयार नाहीत."

तिने हातातला मोह टोपलीत टाकला, ओढणी झटकली आणि आईला आवाज दिला, "माय, मोहावर ताडपत्री टाकजो वं, ढोरं येतीन." मग ती गाडीकडे आली.

६

ऑफिसात सगळे जमले होते. पियुषही होता, या वेळी दोन्ही पाय जमिनीवर. दिव्यानीला बाईंनी कॉम्प्युटरपुढे बसवलं. शेअर उघडलेलं होतं, गावागावांची फोल्डरं ओळीने दिसत होती.

"नथ्थूभाऊ," बाई म्हणाल्या, "मी तुमाले काल चुकीचा सवाल केला. सर्व्हरले हात लावला का, असं विचारलं. आता असं समजा का बाहेर आभाळ गडगडून राह्यलं. तुमी काय करता?"

नथ्थूभाऊंनी भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे माझ्या अक्षरात पाटी होती: 'आभाळ गडगडले की सर्व पिना काढणे.' दोन वर्षांपूर्वी वीज पडून आमचा प्रिंटर आणि टीव्ही जळाले होते, तेव्हाची ती पाटी. आमच्या भागात घरोघरी हेच करतात. गडगडलं की पहिले पिना काढायच्या.

"मंग काढा."

नथ्थूभाऊ शिस्तीत निघाले. पंखा, प्रिंटर, टीव्ही, पाण्याचं मशीन. सर्व्हरची आणि कॉम्प्युटरांची पिन त्यांनी सोडून दिली, कारण ती बॅटरीवरची आणि बॅटरीला हात लावायचा नाही हे त्यांना पक्कं शिकवलेलं. मग ते सर्व्हरच्या मागे वाकले आणि भिंतीच्या बोर्डातून एक पिन ओढली.

"ते कशाची?" बाईंनी विचारलं.

"हे या काळ्या डब्ब्याची. बाजूले ठेवला हाय तो. सर्व्हर नोय हा."

तो काळा डबा म्हणजे आमची बाहेरची डिस्क. बॅटरीला जागा उरली नव्हती म्हणून तिची पिन कोणीतरी कधीतरी भिंतीला लावली होती.

"सर!" दिव्यानी ओरडली.

पडद्यावर सगळी गावं गेली होती. त्या मोकळ्या जागेत दोनच गोष्टी उरल्या होत्या: 'कुकडटोला' नावाचं एक फोल्डर आणि खाली एक पत्राची फाईल. दिव्यानीने फोल्डर उघडलं आणि व्हिडिओ चालू केला. इसरूबाबाचा थकलेला, खणखणीत आवाज खोलीभर झाला. दिव्यानी तोंडावर ओढणी धरून रडू लागली आणि माझेही डोळे भरून आले.

बाईंनी आधी त्या दोन्ही गोष्टींच्या दोन-दोन प्रती काढल्या, मगच समजावून सांगितलं.

"दिव्यानी, घरी मोह वाळत असन ना? त्याचं काय करून आली तू?"

"ताडपत्री टाकाले लावली."

"तेच झालं. पोटातली डिस्क म्हणजे जमीन, बाहेरची म्हणजे तिच्यावर आथरलेली ताडपत्री. तुमाले रोज ताडपत्रीवरचा माल दिसते. बुधवारी नथ्थूभाऊनं पिन काढली तं ताडपत्री उचलल्या गेली. तू अन् सरांनी आपला माल उघड्या जमिनीवर ठेवला. संध्याकाळी पिन लावली, ताडपत्री पुन्हा आथरली. माल खाली तसाच राह्यला, फक्त झाकल्या गेला."

"पण पिना तर दोन वर्षांपासून निघताहेत," मी म्हटलं.

"जुनी सिस्टीम हट्टी होती. ताडपत्री नाई तं दरवाजाच नाई उघडे. तुमी म्हणत असान, शेअर बंद हाय, पाऊस थांबू द्या. नवीले पियुषनं सांगितलं का डिस्क नसली तरी चालू राय. वरून साऱ्याईले लिहाची मोकळीक. ती कोणाले काई न सांगता जमीन मोकळी करून देते. अपग्रेडनंतर बुधवारी पहिल्यांदा गडगडलं."

पियुष मान खाली घालून उभा होता. नथ्थूभाऊ पार कोसळल्यासारखे दिसले. मी उठून भिंतीवरची पाटी काढली. कार्ड पुसायचा नियम माझा, पिना काढायचा नियम माझा, आणि या दोन नियमांच्या मध्ये जे हरवलं त्याचा आळ मी पोरीवर घातला होता, हे मी सगळ्यांसमोर बोललो.

७

बुधवारी सुनावणीला इसरूबाबाला खाटेवर घालून आणलं होतं. खुर्चीत बसवलं तर उजवं अंग लोंबत होतं. दिव्यानीने पडदा लावला आणि अंधाऱ्या खोलीत जंगल दिसू लागलं. पडद्यावरचा म्हातारा चालत होता, बोलत होता. खुर्चीतला म्हातारा बघत होता.

एका ओढ्यापाशी वाट फुटत होती. समितीच्या साहेबांनी हात वर करून व्हिडिओ थांबवायला सांगितला.

"इथून शीव कुठे वळते?" त्यांनी विचारलं. ते कोणाला विचारत होते, कोण जाणे.

इसरूबाबाने डावा हात उचलला. त्याचं बोट सरळ पडद्याच्या डाव्या कोपऱ्याकडे, एका वाळलेल्या मोहाकडे गेलं. साहेबांनी मान हलवली. दिव्यानीने व्हिडिओ पुढे चालवला आणि पडद्यावरचा इसरूबाबा काठी टेकत त्याच मोहाकडे वळला. साहेबांनी आणखी तीन ठिकाणी थांबवलं आणि तिन्ही वेळा तसंच झालं. मग त्यांनी पेन उचललं आणि शीव नोंदवून घेतली. निकाल यायला अजून वेळ लागणार होता, पण कुकडटोल्याची माणसं बाहेर येऊन इसरूबाबाच्या खाटेभोवती बसली तेव्हा त्यांचे चेहरे सैल झाले होते.

मी एका झाडाखाली थांबलो होतो. दिव्यानी आली आणि तिने पिशवीतून एक कागद काढून माझ्यापुढे धरला. माझं बुधवारचं पत्र होतं. त्या गोंधळात मी ते विसरून गेलो होतो, आणि ती फाईल तिच्याच हाताने उघडली गेली होती.

मी वाचलं. 'कार्यकारिणीस विनंती की दिव्यानी हिला कायम करण्यात यावे. तिच्या हाती दिलेली वस्तू आजवर कधी हरवलेली नाही.' हे मी बुधवारी दुपारी लिहिलं होतं. गुरुवारी सकाळी मी तिला खोटारडी ठरवलं होतं.

मला मान वर करवेना.

"सर," ती म्हणाली, "याच्यावर सही नाई तुमची."

मी खिशातून पेन काढलं. "तारीख कोणती टाकू?"

"तीच राहू द्या," दिव्यानी म्हणाली. "बुधवारचीच."

मी सही केली.